हेडफोन ॲम्प घ्यायच्या आधी: घोडं नेमकं कुठं अडलंय ते बघा

खिशातल्या म्युझिक प्लेअरला छोटा हेडफोन ॲम्प जोडला तर आवाज सुधारतो का? सुधारतो, पण आधी कुठंतरी काहीतरी अडलेलं असेल तरच. गाण्यात जे नाही ते ॲम्प आणून टाकत नाही. प्लेअरमधून आलेला सिग्नल मोठा करायचा आणि हेडफोनला लागेल तेवढा व्होल्टेज आणि करंट पुरवायचा, एवढंच त्याचं काम. हेच काम करणारा एक ॲम्प तुमच्या प्लेअरच्या पोटात आधीपासून बसलेला आहे, नाहीतर हेडफोन वाजलाच नसता. आतला ॲम्प आपलं काम नीट करत असेल तर बाहेरचा ॲम्प म्हणजे खिशात जास्तीचं वजन आणि रोज चार्ज करायला आणखी एक डबी.

हे मी अनुभवाने सांगतोय. पहिला ॲम्प आणला तेव्हा आठवडाभर मी हवेत होतो. खर्ज भरदार झाला, गाणाऱ्याचा श्वास ऐकू यायला लागला, झांजांना चकाकी आली, असं भेटेल त्याला सांगत सुटलो. मग एकदा सहज मल्टिमीटर लावून बघितला, तर ॲम्पमधून येणारा आवाज तीन डेसिबलने मोठा निघाला. दोन्ही आवाज बरोबरीला आणले, डोळे मिटले आणि मित्राला प्लग बदलत राहायला सांगितलं. कुठला कुठला, ते मला ओळखता येईना. पुढे तोच ॲम्प मी एका ३०० ओहमच्या, म्हणजे जास्त व्होल्टेज मागणाऱ्या हेडफोनला लावला आणि तिथं मात्र फरक इतका उघड होता की मल्टिमीटर काढायची गरजच पडली नाही. ॲम्प तोच, कान तेच; अडचण होती तिथं तो उपयोगी पडला, नव्हती तिथं नाही.

तेव्हा विकत घ्यायच्या आधी खालच्या पायऱ्या करा. निम्मे लोक तिसऱ्या पायरीलाच परत फिरतील.

पायरी १: तक्रार एका वाक्यात लिहून काढा

खरंच कागदावर लिहा. "आवाज अजून चांगला हवा" ही तक्रार नाही, ती इच्छा आहे. तक्रार अशी असते: व्हॉल्यूम शेवटपर्यंत नेला तरी आवाज पुरत नाही. किंवा, मोठ्या आवाजात ढोल वाजला की आवाज फाटतो. किंवा, शांत खोलीत गाण्यांच्या मधल्या जागेत बारीक "सूंऽऽ" ऐकू येतं. किंवा, याच इअरफोनचा खर्ज दुसऱ्या प्लेअरवर जाड लागतो आणि माझ्यावर पातळ.

पहिल्या दोन तक्रारींवर ॲम्प हा बहुतेक वेळा बरोबर उपाय असतो. तिसरीवर तो उपाय होईल किंवा दुखणं वाढवेल, ते कसा ॲम्प घेता त्यावर अवलंबून. चौथी सगळ्यात मजेशीर आहे, तिच्याकडे सावकाश येऊ. आणि यातलं काहीच नसेल, नुसतं "अजून चांगलं" हवं असेल, तर ॲम्पसाठी बाजूला काढलेले पैसे हेडफोनमध्ये घाला. एका हेडफोनहून दुसऱ्या हेडफोनवर गेल्यावर आवाज जितका बदलतो, त्याच्या पासंगालाही दोन बऱ्या ॲम्पमधला फरक पुरत नाही.

पायरी २: फुकटचे उपाय आधी

प्लेअरच्या सेटिंगमध्ये व्हॉल्यूमची मर्यादा लावलेली नाही ना, ते बघा. युरोपात विकल्या जाणाऱ्या प्लेअरना तर आवाजाची कमाल मर्यादा मानकानेच घालून दिलेली आहे: प्लेअर आणि त्याच्यासोबत आलेला इअरफोन मिळून १०० डेसिबलच्या वर जायचं नाही, आणि ठरावीक चाचणी-सिग्नल वाजवताना जॅकवर १५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त व्होल्टेज द्यायचा नाही. एवढ्यावर सोबतचा हलका इअरफोन मजेत वाजतो, वाजवायला जड असलेला हेडफोन उपाशी राहतो. काही प्लेअरमध्ये देश किंवा भाग निवडायचा पर्याय असतो आणि मर्यादा त्यावर ठरते.

मग इक्वलायझर बंद करून ऐका. खर्जाची पट्टी वर ढकललेली असेल तर आवाज फाटायचं कारण बऱ्याचदा तीच असते: आधीच काठोकाठ भरलेल्या रेकॉर्डिंगवर आणखी सहा डेसिबल चढवले की ते सांडणारच. हे सांडणं आकड्यांमध्येच होतं, ॲम्पपर्यंत पोचायच्या आधी. त्यामुळे पुढे कितीही दणकट ॲम्प लावा, फाटलेलं फाटलेलंच राहणार.

कानात घालायचे इअरफोन असतील तर रबरी टिप बदलून बघा. कानात हवाबंद बसली नाही की खर्ज पहिल्यांदा गळतो. ॲम्प हवा म्हणणाऱ्या किती जणांना खरंतर एक नंबर मोठी टिप हवी असते, याचा हिशेब कुणी ठेवत नाही म्हणून बरं.

आणि हेडफोन ब्लूटूथवर चालणारा असेल तर इथंच थांबा. त्याचा डॅक (आकड्यांचा आवाज करणारी चिप) आणि ॲम्प त्याच्या आतच आहेत. बाहेरच्या ॲम्पचा त्याच्याशी संबंधच येत नाही.

पायरी ३: तीन आकडे शोधा

हेडफोनच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात दोन आकडे असतात. पहिला इम्पीडन्स, म्हणजे हेडफोन करंटला किती अडवतो ते, ओहममध्ये. कानातले इअरफोन बहुधा १६ ते ३२ ओहमचे. सेनहायझर एचडी ६०० हा ३०० ओहमचा. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा वेगवेगळ्या रूपांत आला, म्हणून नुसतं नाव बघून भागत नाही, आकडा बघा.

दुसरा आकडा सेन्सिटिव्हिटी. एवढ्या सिग्नलवर हेडफोन किती जोरात वाजतो, ते हा सांगतो. इथं एक खड्डा आहे. काही कंपन्या तो एका मिलिवॉटला देतात, काही एका व्होल्टला. दोन्ही डेसिबलमध्येच, पण अर्थ वेगळा. व्होल्टवरचा आकडा नेहमी मोठा दिसतो: ३०० ओहमच्या हेडफोनला तो मिलिवॉटवरच्या आकड्यापेक्षा साधारण ५ ने जास्त येतो, ३२ ओहमला १५ ने, १६ ओहमला १८ ने. एकाचा व्होल्टवरचा आणि दुसऱ्याचा मिलिवॉटवरचा आकडा शेजारी ठेवून तुलना केलीत तर निष्कर्ष उलटासुद्धा निघू शकतो.

तिसरा आकडा प्लेअरचा: जॅकवर जास्तीत जास्त किती व्होल्ट मिळतात. हा क्वचितच सरळ छापलेला असतो. "१६ ओहमला ३० मिलिवॉट" असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्यावरून काढता येतं: मिलिवॉटला १००० ने भागा, ओहमने गुणा, वर्गमूळ घ्या. ०.०३ गुणिले १६ म्हणजे ०.४८, त्याचं वर्गमूळ साधारण ०.७ व्होल्ट. छापील आकडाच नसेल तर मोजा. ६० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा टोन वाजवा, व्हॉल्यूम शेवटपर्यंत न्या, हेडफोन काढून ठेवा, त्याच्या जागी दोन्हीकडे प्लग असलेली केबल लावा, आणि तिच्या मोकळ्या ३.५ मिलिमीटरच्या प्लगच्या टोकावर एक आणि बुंध्याच्या कड्यावर दुसरा प्रोब लावून एसी व्होल्टेज वाचा. ६० हर्ट्झच का, तर साधे मल्टिमीटर विजेच्या तारांसाठी बनवलेले असतात आणि ५०-६० हर्ट्झच्या आसपासच खरं बोलतात. १००० हर्ट्झवर काही मीटर थापा मारतात.

पायरी ४: गणित करा, दोन मिनिटांचं आहे

सूत्र एकच. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम, गुणिले १०००, उत्तर मिलिवॉटमध्ये. मग लक्षात ठेवायचं इतकंच: पॉवर दहापट झाली की आवाज १० डेसिबलने वाढतो, दुप्पट झाली की ३ ने, व्होल्टेज दुप्पट केला की ६ ने.

समजा प्लेअर अर्धा व्होल्ट देतो, म्हणजे अगदी साधा. त्याला १६ ओहमचा, एका मिलिवॉटला ११० डेसिबल देणारा इअरफोन लावला. ०.२५ भागिले १६, म्हणजे १५.६ मिलिवॉट. एका मिलिवॉटला ११०, दहाला १२०, तर १५.६ ला १२२ च्या आसपास. कान फाटायला एवढं पुष्कळ झालं. या इअरफोनला १०० डेसिबलसाठी लागतात ४० मिलिव्होल्ट. इथं ॲम्पचं कामच नाही.

आता त्याच प्लेअरला ३०० ओहमचा, एका मिलिवॉटला ९७ डेसिबलचा हेडफोन लावा. ०.२५ भागिले ३००, म्हणजे जेमतेम ०.८३ मिलिवॉट. आवाज ९६ डेसिबल. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो, पण हे टोक आहे, सरासरी नाही. माणूस सरासरी ७५-८० डेसिबलवर ऐकतो, आणि गाण्यातले झटके त्याच्या वर उडी मारतात. दाबून भरलेल्या पॉप रेकॉर्डिंगमध्ये ही उडी १० डेसिबलच्या आसपास असते. मोठ्या ऑर्केस्ट्राच्या चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये २० किंवा त्याहूनही जास्त. म्हणजे पॉप ऐकणाऱ्याचं ९६ मध्ये भागून जाईल. ऑर्केस्ट्रा ऐकणारा मात्र शांत भागात व्हॉल्यूम वाढवत वाढवत शेवटाला जाईल आणि तरीही त्याला वाटेल की समोर पडदा लावलाय. दोघं एकाच हेडफोनबद्दल भांडतात आणि दोघंही बरोबर असतात, ते असं.

प्लेअर एक व्होल्ट देणारा असेल तर हाच हेडफोन १०२ ला पोचतो, दोन व्होल्टवर १०८ ला. आता गंमत बघा: ॲपलचा यूएसबी-सीचा चिमुकला डोंगलसुद्धा (फोनला हेडफोन जोडायचा अडॅप्टर) साधारण एक व्होल्ट देतो. म्हणजे "३०० ओहम म्हणजे ॲम्प लागणारच" हा जो धाक घातला जातो, त्यात अर्धीच गोष्ट खरी. ओहम जास्त म्हणजे हेडफोन जड, असं सरळ समीकरण नाही. जास्त ओहमच्या हेडफोनला व्होल्टेज जास्त लागतो, करंट मात्र फार थोडा.

याची दुसरी बाजू हायफायमॅन एचई-६ हा हेडफोन दाखवतो. इम्पीडन्स फक्त ५० ओहम, बघणाऱ्याला वाटेल सोपं काम. पण सेन्सिटिव्हिटी मिलिवॉटला ८३.५ डेसिबल. त्यातून ११० डेसिबलचे झटके काढायचे तर साधारण ४५० मिलिवॉट लागतात: ४.७ व्होल्ट, आणि वर ९५ मिलिॲम्पिअर करंट. खिशातल्या साध्या प्लेअरचा इथं जीव जातो. असल्या प्लॅनर (सपाट, पातळ पडदा हलवून वाजणाऱ्या) हेडफोनला ॲम्प लागतोच, आणि तोही खिशात मावेलच असं नाही.

थोडक्यात नियम असा ठेवा. हिशेबात ११० डेसिबल येत असेल तर आवाजाच्या ताकदीचा विषय संपला. १०० ते ११० च्या मध्ये असाल तर काय ऐकता त्यावर. १०० च्या खाली असाल आणि आवाज पुरत नसेल तर ॲम्प घ्या.

एक गैरसमज इथंच मोडतो. "माझा व्हॉल्यूम ऐंशी टक्क्यांवर असतो, म्हणजे प्लेअर दमत असणार," असं पुष्कळ जण म्हणतात. चढावर धापा टाकणारी गाडी डोळ्यांसमोर असते. व्हॉल्यूमची पट्टी म्हणजे गाडीचा ॲक्सलरेटर नव्हे. ऐंशी टक्क्यांवर आवाज हवा तेवढा आणि स्वच्छ येत असेल तर प्लेअर अजिबात दमलेला नाही. ती पट्टी वापरण्यासाठीच दिलेली आहे.

पायरी ५: ताकद पुरते, तरी आवाजाचा पोत बिघडतो तेव्हा

आता ती चौथी तक्रार. आवाज पुरेसा मोठा आहे, फाटत नाही, तरी खर्ज पातळ किंवा वरचे स्वर दबलेले. याची दोन खरी कारणं असू शकतात आणि दोन्हींवर ॲम्प मनापासून उपयोगी पडतो.

पहिलं कारण प्लेअरचा आउटपुट इम्पीडन्स. प्लेअरच्या जॅकमागे जणू एक छोटा रेझिस्टर दडलेला असतो. हेडफोनचा इम्पीडन्स सगळ्या स्वरांना सारखा असता तर याने आवाज फक्त थोडा कमी झाला असता. पण तो सारखा नसतो. अनेक ड्रायव्हर (आवाज काढणारे चिमुकले भाग) असलेले बॅलन्स्ड आर्मेचर जातीचे इअरफोन यात सगळ्यात खट्याळ. समजा एक इअरफोन खर्जात ४० ओहम आणि वरच्या स्वरांत ८ ओहम आहे, आणि प्लेअरचा आउटपुट इम्पीडन्स १० ओहम. खर्जाला ५० पैकी ४० वाटा मिळाला, म्हणजे नुकसान साधारण २ डेसिबल. वरच्या स्वरांना १८ पैकी ८ च मिळाले, नुकसान ७ डेसिबल. म्हणजे वरचे स्वर खर्जाच्या मानाने ५ डेसिबलने खाली गेले, कुणी इक्वलायझरला हातही न लावता. तोच इअरफोन एका ओहमच्या ॲम्पवर लावला तर हाच फरक एका डेसिबलच्याही आत येतो. हा फरक कानाला स्पष्ट कळतो, त्यात मनाचे खेळ नाहीत.

चालू वापरातला नियम: आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या इम्पीडन्सच्या एक-अष्टमांशापेक्षा कमी हवा. १६ ओहमच्या इअरफोनला दोन ओहमपर्यंत चालेल, ३०० ओहमच्या हेडफोनला ३७ पर्यंत. प्लॅनर हेडफोनचा इम्पीडन्स जवळपास सपाट असतो, त्यामुळे त्यांना याचा त्रास होत नाही.

(जुन्या मोठ्या यंत्रांच्या हेडफोन जॅकवर १२० ओहम आढळला तर दचकू नका. १९९६ च्या आयईसी ६१९३८ या मानकात तोच आकडा सुचवलेला होता. आणि रेझिस्टरने स्वर बदलतात हे इटिमोटिक या इअरफोन कंपनीने तर कामालाच लावलं होतं: ईआर-४पी इअरफोनला ७५ ओहमचा अडॅप्टर लावला की तो ईआर-४एस व्हायचा.)

दुसरं कारण जुन्या प्लेअरमधलं. त्यांच्या आउटपुटवर कपॅसिटर बसवलेले असायचे, आणि जागा वाचवायला ते लहान ठेवलेले. कपॅसिटर आणि हेडफोन मिळून खालचे स्वर गाळणारी एक चाळणी बनते. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १६ ओहमचा इअरफोन असेल तर १०० हर्ट्झलाच आवाज ३ डेसिबलने उतरलेला असतो आणि त्याच्या खाली उतरतच जातो. म्हणजे मोठ्या ढोलाचा गाभाच गेला. ३२ ओहमला हीच सीमा ५० हर्ट्झवर येते. आता मध्ये ॲम्प लावा. प्लेअरला पुढे १६ ओहमचा इअरफोन दिसत नाही, ॲम्पचा दहा हजार ओहमचा इनपुट दिसतो, आणि चाळणीची सीमा एका हर्ट्झच्याही खाली जाते. खर्ज जसाच्या तसा पुढे येतो. "ॲम्प लावल्यावर बेस जिवंत झाला" असं जुने प्लेअर वापरणारे म्हणायचे, त्यातले बरेच खरं सांगत होते. फक्त तोच अनुभव कपॅसिटर नसलेल्या नव्या प्लेअरला चिकटवला गेला, तिथं घोळ झाला.

जाता जाता, खिशातल्या ॲम्पचं हे वेड नुसतं कुणी विकलेलं नव्हतं, घरी डाग देऊनही केलेलं होतं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस चू मॉय यांनी एका साध्या खिशातल्या ॲम्पचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला: एक ९ व्होल्टची बॅटरी, सिग्नल मोठा करणारी एक ऑप-ॲम्प चिप आणि थोडे सुटे भाग. लोकांनी हे सगळं पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत बसवलं. "सीमॉय" या नावाने तो अजून बनवला जातो. २०११ मध्ये एका निनावी इंजिनिअरने ओ२ नावाचा आराखडा दिला, दोन ९ व्होल्ट बॅटऱ्यांवर चालणारा, प्रत्येक दाव्याला मोजमाप जोडलेलं. पुढच्याच वर्षी ते गृहस्थ एकाएकी गप्प झाले. पण आउटपुट इम्पीडन्स विचारायची सवय लोकांना लागली, त्यात त्यांचा वाटा मोठा.

पायरी ६: जोडायचं कुठून

प्लेअरला लाइन आउट असेल तर तिथूनच जोडा. लाइन आउट म्हणजे प्लेअरचा आतला हेडफोन ॲम्प आणि व्हॉल्यूम वगळून आलेला ठरावीक पातळीचा सिग्नल. जुन्या आयपॉडच्या ३० पिनच्या डॉक कनेक्टरमधून तो मिळायचा, म्हणून त्या काळी लाइन आउटच्या आखूड केबलचा केवढा बोलबाला. आजच्या काही प्लेअरमध्ये एकच जॅक असतो आणि सेटिंगमध्ये त्याला हेडफोन की लाइन आउट ते सांगावं लागतं. लाइन आउटवर ठेवलेल्या जॅकला चुकून सरळ इअरफोन लावू नका. आवाज पूर्ण पातळीचा येतो आणि कमी करायला बटण चालत नाही.

लाइन आउट नसेल तर हेडफोन जॅकमधूनच ॲम्पला जोडा, जग बुडत नाही. एका ॲम्पमागे दुसरा ॲम्प लागला याचा लोक फार बाऊ करतात. प्लेअरचा व्हॉल्यूम शेवटच्या एक-दोन पायऱ्या सोडून वर ठेवा, इक्वलायझर बंद, आणि बाकी सगळं ॲम्पच्या व्हॉल्यूमवर. उलटं केलंत, म्हणजे प्लेअर खाली आणि ॲम्प वर, तर प्लेअरची खरखरही ॲम्प इमाने इतबारे मोठी करून देतो.

यूएसबी डोंगलचं प्रकरण वेगळं. त्याला प्लेअरकडून फक्त आकडे जातात. आकड्यांचा आवाज करणारा डॅक आणि ॲम्प दोन्ही डोंगलमध्येच. प्लेअरमधला ॲम्प पूर्ण बाजूला पडतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी बहुतेक वेळा हाच रस्ता सुचवतो. वेगळी बॅटरी नाही, रबरबँडने बांधलेलं पुडकं नाही.

पायरी ७: तुलना करताना स्वतःला फसवू नका

सगळ्यात जास्त माती इथंच खाल्ली जाते. आपला कान असा बनलाय की किंचित मोठा आवाज त्याला "मोठा" वाटत नाही, "चांगला" वाटतो. शिवाय आवाज वाढला की खर्ज प्रमाणाबाहेर भरदार लागतो. कमी आवाजात कान खालच्या स्वरांना बहिरा असतो हे फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्येच आलेख काढून दाखवलं. म्हणून ॲम्प लावताच "खर्ज सुधारला" हे वाक्य तोंडातून निघतं. ॲम्पचा व्हॉल्यूम अर्ध्या आकड्याने वर ठेवला तरी निघतं.

बरोबरी अशी करा. एकाला दोन करणारा स्प्लिटर घ्या. एका तोंडाला हेडफोन, दुसऱ्याला मल्टिमीटरचे प्रोब. हेडफोन लावलेलाच हवा, कारण भार पडल्यावर व्होल्टेज बदलतो. ६० हर्ट्झचा टोन लावा, प्लेअरवर नेहमीच्या ऐकायच्या व्हॉल्यूमला किती व्होल्ट येतात ते लिहून ठेवा. मग मध्ये ॲम्प लावा आणि त्याचं बटण अगदी मुंगीच्या पावलाने फिरवत तोच आकडा आणा. दोन टक्क्यांच्या आत आला की पुरे, तो फरक ०.२ डेसिबलच्याही आत असतो. ज्या हेडफोनचा इम्पीडन्स स्वरानुसार बदलतो, त्यात एका टोनवर जुळवलं तरी बाकी स्वर जुळणार नाहीत; पण तसं असेल तर पाचव्या पायरीवरचं कारण तुमच्या हाताला लागलंच म्हणायचं.

त्यानंतर ओळखीचं एकच गाणं, तेच वीस सेकंद, परत परत. प्लग दुसऱ्याने बदलायचे, तुम्ही पाठ करून बसायचं. दहापैकी नऊ-दहा वेळा ओळखता आलं तर ॲम्प ठेवा. सहा आले तर नाणं उडवूनही तेवढे येतात.

पायरी ८: घ्यायचाच ठरला तर

गेन कमी ठेवता येतो का ते पहिलं बघा. जास्त गेन म्हणजे जास्त ताकद, असं नाही. येणारा सिग्नल किती पटीने मोठा करायचा ते गेन सांगतो. हळव्या इअरफोनला जास्त गेन लावला की दोन त्रास होतात. एक, शांत जागी "सूंऽऽ" ऐकू येतं. दोन, व्हॉल्यूमचं बटण अगदी तळाशी ठेवावं लागतं, आणि फिरवायच्या साध्या बटणात तळाशी डावा-उजवा आवाज सारखा नसतो. गाणारा एका कानाकडे सरकतो. कमी गेनवर बटण मध्यावर येतं आणि दोन्ही त्रास जातात.

"सूंऽऽ" ची परीक्षा सोपी आहे: काही न वाजवता, तुमचा सगळ्यात हळवा इअरफोन लावून, रात्रीच्या शांततेत ऐका. दुसऱ्याच्या इअरफोनवर ॲम्प शांत होता म्हणजे तुमच्यावर असेलच, असं नाही. कॅम्पफायर ॲन्ड्रोमेडासारखा १२.८ ओहमचा इअरफोन असेल तर जवळपास प्रत्येक ॲम्पचं पितळ उघडं पडतं.

बॅलन्स्ड जॅक (डाव्या-उजव्या कानाला प्रत्येकी दोन स्वतंत्र तारा देणारा), म्हणजे २.५ किंवा ४.४ मिलिमीटरचा, व्होल्टेज दुपटीपर्यंत देतो, म्हणजे ६ डेसिबल जादा. जड हेडफोनला फायद्याचा. पण त्यासोबत आउटपुट इम्पीडन्सही साधारण दुप्पट होतो, त्यामुळे अनेक ड्रायव्हरच्या इअरफोनला तो घाट्याचाही ठरू शकतो. बॅलन्स्ड म्हणजे वरचा वर्ग, हे डोक्यातून काढून टाका.

फोनच्या शेजारी ॲम्प बांधणार असाल तर एकदा कॉल लावून बघा. जुन्या टूजी नेटवर्कवरचा फोन २१७ हर्ट्झच्या ठेक्यात सिग्नल सोडतो आणि कवच कच्चं असलेल्या ॲम्पमध्ये तो "टर्र-टर्र" करत उमटतो. बॅटरी, आकार, केबलचा कोन हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं ठरवाल.

आता कानांचं. ॲम्प आला म्हणजे तुमच्या हातात पहिल्यांदाच कानाला खरी इजा करू शकेल इतकी ताकद आली. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा: मोठ्यांसाठी ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास, मुलांसाठी तेवढाच वेळ ७५ वर. दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा. स्वच्छ आवाज फाटत नाही, त्यामुळे कान "बास" म्हणत नाही. वाढलेला कळतच नाही.

पहिल्यांदा लावताना क्रम पाळा. गेन कमीवर, ॲम्पचा व्हॉल्यूम शून्यावर, मग ॲम्प चालू. चालू होतानाचा "ठक्" होऊन जाऊ द्या, मग हेडफोनचा प्लग घाला, गाणं लावा, आणि त्यानंतरच हेडफोन डोक्यावर चढवा.